ध्रुवाचे कूळ आणि मोखाड्याची डोली

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असा आपल्या पूर्वजांचा सल्ला आहे. शोधू गेल्यास श्रद्धेला तडा जातो आणि हाती फारसे काही लागत नाही, हा त्यामागील व्यवहार. परंतु हा सल्ला देणाऱ्यांपुढे ऋषी होते आणि नद्या होत्या. साडेपाच टन वजनाचे, दोन इंजिनांचे आणि परदेशी ग्राहकांपुढे विक्रीस मांडलेले हेलिकॉप्टर नव्हते. अशा वस्तूचे कूळ विचारण्याचा अधिकार ती विकत घेणाऱ्याला असतो, तिच्यात बसणाऱ्याला असतो आणि तिच्यासाठी कर भरणाऱ्या नागरिकालाही असतो. आपल्या देशाने २०२४-२५ ह्या आर्थिक वर्षात २३,६२२ कोटी रुपयांची संरक्षणसामग्री निर्यात केली. एके काळी बंदुकीच्या गोळीसाठीही परदेशाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या राष्ट्राला हा आकडा अभिमानास्पद वाटावा, ह्यात नवल नाही. ह्या निर्यातीच्या आकांक्षेत हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या 'ध्रुव' ह्या हेलिकॉप्टराला आणि त्याच्याच अंगाने वाढलेल्या 'प्रचंड' ह्या लढाऊ हेलिकॉप्टराला मानाचे पान आहे. साहजिकच, 'हे यंत्र खरोखर आपले आहे काय?' हा जुना वाद प्रत्येक नव्या सौद्याच्या वार्तेबरोबर पुन्हा डोके वर काढतो.

ह्या वादात दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, ध्रुव नखशिखान्त स्वदेशी आहे आणि त्याबद्दल शंका घेणे हाच देशद्रोह आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ध्रुव म्हणजे जर्मन आराखड्यावर तिरंगा रंगवून केलेली नक्कल आहे आणि त्याचे कौतुक म्हणजे आत्मवंचना आहे. पहिल्या पक्षाला इतिहास वाचण्याचा कंटाळा आहे आणि दुसऱ्याला यंत्रशास्त्र समजून घेण्याचा. दोघांचीही समजूत अशी की, यंत्राचा एकच जन्मदाता असतो आणि तो एकदा ठरला की यंत्राचे सर्व गुणदोष त्याच्या नावे मांडून मोकळे व्हावे. आमच्या मते प्रश्नाची ही मांडणीच अपुरी आहे. ती का अपुरी आहे हे कळण्यासाठी ह्या वंशवृक्षाची पाने थोडी चाळली पाहिजेत.

हेलिकॉप्टरांच्या बाबतीत आपला आरंभ उघड उघड उसनवारीचा होता, आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही. १९६२ साली फ्रेंच 'अलुएत-३' बांधण्याचा परवाना आपण घेतला. १९६५ साली बंगलोरच्या कारखान्यातून त्याचे पहिले हेलिकॉप्टर उडाले आणि त्याला आपण 'चेतक' हे राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले. नाव आपले, बांधणी आपली, आराखडा फ्रेंचांचा. त्यामागोमाग आलेल्या 'चित्त्या'ची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आणि अधिक बोधप्रद आहे. हिमालयाच्या विरळ हवेत उतरू शकेल व तेथून पुन्हा उठू शकेल असे हेलिकॉप्टर जगाच्या बाजारात मिळेना, तेव्हा भारताने १९६८ साली आपली गरज फ्रेंचांपुढे मांडली. त्यांनी 'अलुएत-२'चा हलका सांगाडा आणि 'अलुएत-३'चे इंजिन व पंखे ह्यांचा संयोग घडवून १९६९ च्या मार्चमध्ये 'लामा' हे नवे हेलिकॉप्टर उडविले. त्याच लामाने १९७२ साली १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला, आणि तेच पुढे आपल्या कारखान्यात 'चित्ता' म्हणून बांधले जाऊ लागले. आता ह्याचे कूळ कोणते लावावे? रेखाटणारा हात फ्रेंचांचा. पण हिमालय आपला होता, गरज आपली होती, आणि ती गरज नसती तर ते यंत्र जन्मासच आले नसते. सियाचीनच्या ठाण्यांवर रॉकेल, औषध आणि पत्र पोहोचविणाऱ्या वैमानिकाला ह्या वंशावळीत रस असण्याचे कारण नव्हते. हिमनदीवर इंजिन बंद पडले तर ते कोण सुरू करणार, हाच त्याचा प्रश्न होता.

ध्रुवाची कथा येथून पुढे सुरू होते. परवान्यावर बांधण्यापेक्षा स्वतः रेखाटावे असे ठरल्यावर, १९८४ साली हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने पश्चिम जर्मनीच्या मेसरश्मिट-ब्यॉल्को-ब्लोम ह्या कंपनीस सल्लागार म्हणून जोडून घेतले. बिजागरीविना बसविलेला वरचा पंखा आणि संमिश्र तंतूंची पाती ही ह्या कंपनीची खासियत होती, आणि ती विद्या ध्रुवात उतरली आहे हे कोणीही जाणकार नाकारणार नाही. त्याच कंपनीच्या 'बीके-११७' ह्या हेलिकॉप्टराशी ध्रुवाचे मुखसाम्य आहे, हेही खरे. परंतु मुखसाम्यावरून नक्कल सिद्ध होत नाही. ध्रुव त्याच्याहून बराच जड आहे, तो पाच-सहा हजार मीटर उंचीवर काम करण्यासाठी योजिलेला आहे, आणि भूसेना, हवाई दल, नौदल व तटरक्षक दल अशा चार धन्यांच्या चार मागण्या त्याच्या अंगावर आहेत. २० ऑगस्ट १९९२ रोजी त्याने पहिले उड्डाण केले, २००२ पासून तो सेनादलांत रुजू होऊ लागला, आणि आज त्याची संख्या तीनशेच्या वर आहे. नक्कल म्हणून हिणविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या 'बीके-११७'ची ही नक्कल म्हणतात, त्याच्या नावातील 'के' हे अक्षर जपानच्या कावासाकी कंपनीचे आहे. ते हेलिकॉप्टरही दोन देशांनी मिळून घडविले होते, आणि त्यामुळे जपानची मान कोठे खाली गेल्याचे ऐकिवात नाही. यंत्रविद्येत गुरू करणे ही लाजेची बाब नाही. गुरू गेल्यावर शिष्याला स्वतःहून काय करता येते, हे मात्र तपासून पाहावेच लागते.

मग कूळ विचारूच नये काय? तसे मुळीच नाही. ते कोठे विचारावे, हे कळले पाहिजे. १९६१ च्या जूनमध्ये 'मरुत' हे जेट विमान बंगलोरच्या आकाशात उडाले, तेव्हा त्याचा आराखडा जर्मन अभियंता कुर्ट टँक ह्यांच्या नेतृत्वाखाली, भारतात, भारतीय सहकाऱ्यांसह तयार झालेला होता. आराखड्याच्या जन्मस्थानाचा प्रश्न तेथे सुटलेलाच होता. तरीही मरुताची उमेद पुरी झाली नाही, कारण त्याला साजेसे इंजिन मिळाले नाही आणि ते करण्याची शक्ती आपल्यापाशी नव्हती. तोच धडा ध्रुवाने १९९८ साली पुन्हा गिरविला. ध्रुवासाठी अमेरिकी-ब्रिटिश बनावटीचे 'सीटीएस-८००' हे इंजिन योजिले होते. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि ते इंजिन हातचे गेले. तेव्हा फ्रेंचांच्या तुर्बोमेका कंपनीचे इंजिन घ्यावे लागले, आणि पुढे त्याच कंपनीसह 'शक्ती' इंजिन विकसित करण्यात आले. हा इतिहास केवळ आपलाच नाही. तुर्कस्तानने इटालियन आराखड्यावरून स्वतःचे 'अटक' हे लढाऊ हेलिकॉप्टर बांधले आणि २०१८ साली पाकिस्तानास तीस हेलिकॉप्टरे विकण्याचा करार केला. परंतु त्यातील इंजिन नेमके ह्याच 'सीटीएस-८००' घराण्यातले होते. अमेरिकेने निर्यातीची परवानगी रोखली आणि तो सौदा अखेर मोडला. फिलिपाइन्सला तेच हेलिकॉप्टर विकण्यास मात्र परवानगी मिळाली. म्हणजे विक्रेता तुर्कस्तान, आराखडा इटलीचा, पण कोणाला विकावे आणि कोणाला नाही हे ठरविणारा तिसराच! असा तिसरा आपल्या सौद्यांत कोठे कोठे बसलेला आहे, हे विचारणे म्हणजे कूळ विचारणेच होय. आणि हा प्रश्न देशप्रेमाच्या घोषणेने गप्प करता येण्याजोगा नाही.

तेव्हा यंत्र आपले आहे की नाही, ह्याच्या कसोट्या आमच्या मते चार आहेत. पहिली, ते बिघडले तर त्याचे निदान करण्याची विद्या आपल्यापाशी आहे काय? दुसरी, त्या निदानानुसार आराखड्यात बदल करण्याची मोकळीक आपल्याला आहे काय? तिसरी, त्याचे उत्पादन किंवा विक्री आपल्या संमतीवाचून कोणी थांबवू शकतो काय? आणि चौथी, सर्वांत अवघड: ते कोसळले तर 'उत्तर आम्ही देऊ' असे म्हणून पुढे येणारा कोणी आहे काय? पहिल्या दोन कसोट्यांस ध्रुव बऱ्याच अंशी उतरतो. कारगिलच्या १९९९ च्या युद्धात उंचावर लढणाऱ्या हेलिकॉप्टराची उणीव जाणवली, तेव्हा ध्रुवाचेच इंजिन व चलनयंत्रणा घेऊन, सडपातळ बांध्याचे 'प्रचंड' आपल्या अभियंत्यांनी रेखाटले. ते २०१० साली उडाले, २०२२ साली हवाई दलात दाखल झाले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये १५६ हेलिकॉप्टरांसाठी सुमारे ६२,७०० कोटी रुपयांचे करार झाले. नक्कल करणाऱ्याला मूळ प्रत समोर ठेवावी लागते. उंचावर लढणाऱ्या ह्या हेलिकॉप्टराची मूळ प्रत जगात कोठेच नव्हती. तिसऱ्या कसोटीत आपण अर्ध्या वाटेवर आहोत. चौथीत मात्र आपली परीक्षा इक्वादोर देशात झाली, आणि तीत आपण उत्तीर्ण झालो असे म्हणवत नाही.

दक्षिण अमेरिकेतील ह्या लहान देशाने २००८ साली, युरोपीय स्पर्धकांना बाजूला सारून, सुमारे साडेचार कोटी डॉलरांना सात ध्रुव घेण्याचे ठरविले. ध्रुवाचा हा पहिला मोठा परदेशी सौदा. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये हवाई दलाच्या समारंभातच त्यांतील एक हेलिकॉप्टर सर्वांच्या डोळ्यांदेखत कोसळले. २०१४ साली दुसरे पडले, त्यात माणसे गेली. २०१५ च्या जानेवारीत एकाच महिन्यात आणखी दोन पडली. सातांतील चार गेल्यावर त्या देशाने उरलेली जमिनीवर बसविली आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये करार रद्द केला. काही अपघातांत वैमानिकाची चूक निघाली, काहींत यंत्राचा दोष. त्या हिशेबाच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. परंतु सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, ही जी तक्रार इक्वादोरच्या सरकारने केली, ती अधिक विचार करण्याजोगी आहे. क्विटो आणि बंगलोर ह्यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे. ती पार करून यंत्र पाठविणे सोपे. त्याच्या मागोमाग पाच-दहा वर्षे कारागीर, सुटे भाग आणि सल्ला पाठवीत राहणे अवघड. त्या देशातील कोणाही वैमानिकाने 'हे जर्मन की भारतीय?' असे विचारले नसेल. त्याने 'भाग केव्हा येणार?' असे विचारले असेल. ज्या दुकानदाराला माल विकता येतो पण बिघडलेला माल परत घेता येत नाही, त्याच्या दुकानाची पाटी कितीही मोठी असली तरी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पायरी चढत नाही.

घरच्या आघाडीवरही हीच कसोटी लागली. २०२३ च्या मार्चमध्ये नौदलाचे एक ध्रुव मुंबईजवळ समुद्रावर उतरविण्याची वेळ आली. सुदैवाने आतील तिघे वाचले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघे मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर देशातील सुमारे ३३० ध्रुव एकदम जमिनीवर बसविण्यात आले. वैमानिकाच्या हातातील दांड्याची आज्ञा फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचविणारी जी तबकडी असते, तिला तडा गेल्याचे निष्पन्न झाले. भूसेना आणि हवाई दल ह्यांच्या हेलिकॉप्टरांस पुन्हा उड्डाणाची अनुज्ञा मिळावयास मे महिना उजाडला. ह्या प्रसंगी सारा ताफा थांबविण्याचा जो निर्णय झाला, तो आम्हांस जबाबदारीचे लक्षण वाटतो. सीमेवरच्या ठाण्यांची गैरसोय पत्करून तो घेण्यात आला, हे विसरता कामा नये. पण जबाबदारीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे चौकशीचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवणे. लष्करी अपघातांच्या चौकश्यांचे अहवाल आपल्याकडे प्रकाशात येत नाहीत. गुप्ततेचे जे कारण दिले जाते ते काही तपशिलांपुरते रास्त आहे; एखादा भाग का तुटला आणि तो पुन्हा तुटू नये म्हणून काय केले, हे सांगण्याने शत्रूचा काय लाभ होणार? उलट, उद्या हे यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्या देशाला ह्याच उत्तराची आस असते. जो विक्रेता आपल्या मालाचा दोष स्वतःहून सांगतो व तो कसा काढला हेही सांगतो, त्याच्यावरच विश्वास बसतो.

ह्या हेलिकॉप्टराचे बारसे करणाऱ्यांनी पुराणकथा मनात आणली होती की आकाशातला तारा, कोण जाणे. परंतु नाव विलक्षण समर्पक पडले आहे. बालक ध्रुव पित्याच्या मांडीवर बसावयास गेला, तेव्हा सुरुचीने त्याला कूळच काढून दाखविले: तू माझ्या पोटी जन्मला नाहीस, तुझा ह्या मांडीवर अधिकार नाही. ध्रुवाने आपल्या जन्माचा वाद घातला नाही. तो अरण्यात गेला आणि तपाने असे पद मिळविले की, जे कोणाच्या मांडीवर अवलंबून नव्हते. आपल्या हेलिकॉप्टरालाही अढळपद मिळावयाचे ते वर्तमानपत्रांतील वादांत मिळणार नाही. प्रत्येक अपघाताचे निदान, प्रत्येक दुबळ्या भागाची सुधारणा आणि प्रत्येक ग्राहकाची वर्षानुवर्षे केलेली सेवा हेच त्याचे तप आहे. सध्या त्या तपापेक्षा बारशाचीच आपल्याला अधिक हौस दिसते.

आणि ही बारशाची हौस आम्हांला अपरिहार्यपणे आमच्याच राज्यातील, मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरील, जव्हार आणि मोखाडा ह्या दोन तालुक्यांकडे घेऊन जाते. हेलिकॉप्टरांचा त्या डोंगरांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा आहे. मालदीवला आपण दोन ध्रुव भेट दिले होते. विखुरलेल्या बेटांवरून अडलेली बाळंतीण, हृदयविकाराचा रोगी, जखमी कोळी ह्यांना उचलून रुग्णालयात पोहोचविणे हे त्यांचे मुख्य काम झाले, आणि आपल्या माणसांनी ते शेकडो वेळा केले. २०२४ साली तेथील नव्या सरकारने आपल्या सैनिकांस परत जावयास सांगितले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले, तेव्हा ह्याच सेवेचा दाखला आपल्या शासनाने योग्य अभिमानाने दिला. हिंदी महासागरातील बेटांवरच्या रोग्याला आपले हेलिकॉप्टर उचलून नेते, ही भूषणाची गोष्ट होय. पण डोंगरातील जे पाडे पावसाळ्यात बेटांसारखेच तुटतात, तेथल्या रोग्याचे काय होते, हा प्रश्न विचारल्यावाचून ह्या भूषणाचा हिशेब पुरा होत नाही.

जव्हार हे आकाशाला अगदीच अपरिचित नाही. ह्या संस्थानाचे अखेरचे अधिपती यशवंतराव मुकणे ह्यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात सेवा केली होती. घाट चढून त्र्यंबकमार्गे नाशिकला गेले की, पुढे ओझर येथे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई तेथे बांधली गेली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तेथेच बांधलेले पहिले तेजस उडाले. नाशिकच्याच गांधीनगरात भूसेनेचे हेलिकॉप्टर-वैमानिक शिकून तयार होतात. मोखाड्याहून ही सारी ठिकाणे शंभर किलोमीटरांच्या आसपास आहेत. ह्याच मोखाडा तालुक्यात २०१४ साली पुऱ्या झालेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईकरांच्या नळाला येते, आणि धरणाच्या परिसरातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. समित्या आल्या, मंत्री आले, योजना आल्या. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यापासून वेगळा पालघर जिल्हा झाला, तो ह्याच दुर्गम भागाच्या नावे. आणि तरीही, २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्यातील एका पाड्यावरच्या मातेला रस्त्याअभावी झोळी करून डोंगर उतरवावे लागले; तिची अपुऱ्या दिवसांची जुळी बाळे वाचली नाहीत. झोळी, चादर, बांबू आणि चार माणसांचे खांदे: ही तेथली रुग्णवाहिका. तिचा आराखडा मात्र निखळ स्वदेशी आहे, त्याबद्दल कोणाचाच वाद नाही.

आमचे म्हणणे विपर्यस्तपणे घेतले जाऊ नये. प्रत्येक पाड्यावर हेलिकॉप्टर उतरवा, असे आम्ही म्हणत नाही. हेलिकॉप्टराचा एका तासाचा खर्च कोणासही विचारून पाहावा. शिवाय जव्हारच्या डोंगरावर आषाढ-श्रावणात जे धुके आणि ढग उतरतात, त्यांत घाटातून उडणे हे वैमानिकाला मरणाच्या दारात धाडण्यासारखे असते. रोग्याला हवा तो रस्ता. पावसाळ्यात न वाहून जाणारा साकव. आणि चालक व इंधन ह्यांसह दारात उभी असलेली साधी रुग्णवाहिका. दुसराही एक आक्षेप येईल: संरक्षणाचा पैसा वेगळा, आदिवासी विकासाचा वेगळा, एकाचा जाब दुसऱ्याला कसा विचारता? हिशेबाच्या वह्या वेगळ्या आहेत, हे मान्य. पण वहीत लिहिणारा हात एकच आहे आणि त्याची सवयही एकच आहे. इक्वादोरला हेलिकॉप्टर पोहोचले, सुटे भाग पोहोचले नाहीत. पाड्यांवर हातपंप पोहोचतो, त्याचा दांडा तुटल्यावर दुरुस्ती करणारा पोहोचत नाही. आरोग्य उपकेंद्राची इमारत उभी राहते, तेथे रात्री राहणारी परिचारिका मिळत नाही. रस्त्याचे भूमिपूजन होते, दुसऱ्या पावसानंतर तो रस्ता कोठे गेला हे विचारणारा कोणी उरत नाही. वस्तू जन्मास घालण्याचा सोहळा करावयाचा आणि तिचे संगोपन दैवावर सोपवावयाचे, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुना आजार आहे. क्विटोत तो सौदा मोडून प्रकटला, मोखाड्यात तो झोळीच्या रूपाने प्रकटतो. औषध दोन्ही ठिकाणी एकच लागेल.

शिवाय ह्याचा निर्यातीशी संबंध केवळ उपमेचा नाही. परदेशी ग्राहक यंत्राबरोबर ते बांधणाऱ्या देशाची कार्यपद्धती विकत घेत असतो. आपल्या देशात हे हेलिकॉप्टर कोण वापरते, कशासाठी वापरते, किती दिवस ते जमिनीवर पडून असते, बिघडल्यावर किती दिवसांत उडते, हे तो पाहतो. केवळ सैन्याच्या तळावरच दिसणाऱ्या यंत्रापेक्षा, पुरात, भूकंपात, डोंगरात आणि समुद्रावर सामान्य माणसाच्या उपयोगी पडलेले यंत्र त्याला अधिक भरवशाचे वाटते. २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरात ध्रुवाने जी कामगिरी केली, तिच्याइतकी प्रभावी जाहिरात कोणत्याही प्रदर्शनातील कसरतीने होणार नाही.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत. ध्रुव वा प्रचंड विकण्याचा कोणताही करार करताना यंत्रांच्या किंमतीबरोबरच निदान दहा वर्षांच्या देखभालीचा करार करावा, ग्राहकाच्या देशात सुट्या भागांचे कोठार उभे राहिल्यावाचून शेवटचे हेलिकॉप्टर पाठवू नये, आणि त्यांचे वैमानिक व कारागीर इकडे आणून पुरेसा काळ शिकवावे. अपघाताच्या चौकशीतून निघालेले तांत्रिक निष्कर्ष, गोपनीय भाग वगळून, ठराविक मुदतीत प्रसिद्ध करावेत. इंजिन आणि अन्य कळीचे भाग ह्यांबाबत कोणत्या परदेशी परवान्यावर आपण अवलंबून आहोत, ह्याचा लेखाजोखा संसदेपुढे ठेवावा. लपविलेले परावलंबन सुधारता येत नाही. आणि महाराष्ट्र शासनाने जव्हार-मोखाड्यापुरते एक साधे काम हाती घ्यावे: ज्या पाड्यांना बारमाही रस्ता नाही त्यांची यादी मुदतीसह जाहीर करावी, अवघडलेल्या मातांना पावसाळ्यापूर्वीच जव्हारच्या कुटीर रुग्णालयाच्या किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आसऱ्याला आणून सन्मानाने ठेवण्याची सोय करावी, आणि आभाळ मोकळे असेल अशा दिवशी, घाट तुटला असता, रोग्याला नाशिकला उचलून नेण्यासाठी दोन्ही तालुक्यांत एकेक उतरण्याची जागा तयार ठेवून त्यासंबंधी सेनादलांशी आधीच करार करावा. संकट आल्यावर दूरध्वनी फिरविणे ह्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

ह्यांपैकी एकाही सूचनेत समारंभ नाही, फीत कापणे नाही, आकाशात रंगीत धूर सोडणे नाही. म्हणूनच त्या मागे पडण्याचा धोका आहे. आमच्या नागर, सुशिक्षित वाचकांवर ह्या बाबतीत एक कर्तव्य येते. हेलिकॉप्टराच्या कुळाबद्दल हिरिरीने वाद घालणारे आपण, त्याच हिरिरीने देखभालीचे प्रश्न विचारू लागलो, तर राज्यकर्त्यांनाही ते ऐकावे लागतील. ध्रुवाचा पहिला आराखडा बंगलोरात कागदावर उतरला की म्युनिचमध्ये, हे इतिहासकार निवांतपणे ठरवोत. तो उद्या क्विटोच्या पर्वतावर, पोरबंदरच्या धावपट्टीवर किंवा जव्हारच्या माळावर उतरेल, तेव्हा त्याच्या मागे उभे राहून उत्तर देणारा देश कोणता, हे मात्र आज आपल्यालाच ठरवावयाचे आहे.